तिघांचे पाच दिवस

"बघू" हा शब्द मी नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता, की फोनवर त्याने नुसता श्वास सोडला तरी मला "बघू"च ऐकू यायचं. रजा कधी मिळेल? बघू. या वेळी दोनाचे तीन दिवस राहशील का? बघू. अरे, मुंगीला समुद्र दाखवू या, तिला पुस्तकातला मासा आणि ताटातला मासा असे दोनच मासे माहीत आहेत. यावर तो हसला, आणि म्हणाला, बघू.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. वय दोन वर्षं दोन महिने. जमिनीवर पडलेला एकही कण तिच्या नजरेतून सुटत नाही आणि तो तोंडात टाकल्याशिवाय तिला चैन पडत नाही, म्हणून मुंगी. तिचा बाबा पुलाच्या कामावर असतो, घरापासून बारा तासांच्या अंतरावर. सहा-सात आठवड्यांनी दोन दिवस येतो. पहिल्या दिवशी तो झोपतो. दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे वाळत असतात. मुंगी माझ्या मागे लपून त्याच्याकडे बघत राहते, आणि तिची भीड चेपते न चेपते तोवर तो बॅगेची चेन ओढायला लागलेला असतो.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. तो प्रत्यक्ष बांधकामावर, मी नियोजन विभागात. माझं काम म्हणजे कुठलंही मोठं बांधकाम घ्यायचं, त्याचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला दिवस नेमून द्यायचे, कशाच्या मागून काय होणार ते बाणांनी जोडायचं आणि सगळ्याचा मिळून आडव्या पट्ट्यांचा एक लांबलचक तक्ता करायचा. साइटवरची माणसं आम्हाला रंगपेटीवाले म्हणायची. हा म्हणायचा नाही. हा तक्त्याची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचा, आणि ठरलेल्या तारखेला काम झालं नाही तर मला येऊन सांगायचा, की चूक आमची आहे, तक्त्याची नाही. साइटवरून असं बोलायला आलेला तो पहिला माणूस. मी त्याच्या प्रेमात पडले नसते तरच नवल.

मुंगी झाल्यावर मी नोकरी सोडली. सोडली म्हणजे आधी रजा वाढवली, मग आणखी वाढवली, मग ऑफिसने माझ्या खुर्चीवर दुसऱ्या मुलीला बसवलं आणि मला एक कुंडीतलं रोप भेट म्हणून पाठवलं. रोप चांगलं जगलंय.

तर एका दुपारी भांडी विसळताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की या माणसाला मी चुकीच्या भाषेत विचारतेय. बायकोच्या प्रश्नाला तो "बघू" म्हणतो. पण कामाचा तक्ता त्याच्या टेबलावर आला की चोवीस तासांत त्याचं उत्तर जातं. मंजूर, नामंजूर, किंवा दुरुस्तीसह परत. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याने कुणाचा कागद कधी लोंबकळत ठेवलेला नाही. मग आपणही कागदच का पाठवू नये?

मुंगी दुपारी सरासरी पन्नास मिनिटं झोपते. त्या पन्नास मिनिटांत स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, कारण खुर्ची ओढली की ती जागी होते, मी माझा जुना लॅपटॉप उघडला. वर लिहिलं, 'प्रकल्प : समुद्र. कालावधी पाच दिवस. माणसं तीन.' आणि खरं सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं आपली आपण चालायला लागली.

आठ दुपारी गेल्या. एकसष्ट कामं निघाली. तिकिटं आणि खोली ही सगळ्यांना सुचतात. पण मुंगीला वाळूचा स्पर्श सहन होतो का हे आधी बागेत तपासणे, प्रवासात लागणारी गोष्टीची पुस्तकं तिच्या नजरेआड करणे म्हणजे ती तिथे नवी वाटतील, शेजारच्या काकूंना रोपाला पाणी घालायला सांगणे, असं करत करत मी इतकी खोलात गेले, की 'पहिल्यांदा पाय भिजवणे' याला मी वेगळी ओळ दिली आणि त्यापुढे 'अर्धा तास, तिघंही हजर' असं लिहिलं. सगळ्यांत वरची पट्टी होती 'रजा मंजूर होणे'. बाकीच्या साठ पट्ट्यांचे बाण फिरून फिरून तिच्यातच जात होते. आमच्या धंद्यात ज्या साखळीतली एक कडी हलली तर शेवटची तारीख हलते, ती साखळी लाल रंगाने दाखवतात. माझ्या तक्त्यात लाल साखळीची पहिली कडी नवरा होता.

जोखमींचंही एक पान केलं. मुंगीला ताप येणे, खोली वरच्या मजल्यावर मिळणे, गाडी चुकणे. प्रत्येकीपुढे शक्यता किती, नुकसान किती, उपाय काय. 'त्याला ऐन वेळी येता न येणे' ही ओळ मी लिहिली आणि खोडली. जोखीम एकदा कागदावर आली की तिच्यापुढे जबाबदार माणसाचं नाव घालावं लागतं. मला कुणाचं घालायचं ते कळेना.

माझी नणंद नर्स आहे. ड्युटी बदलताना तिला दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात ती मला फोन करते आणि माझी फिरकी घेते. तिला मी कौतुकाने हे सगळं वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही समुद्रावर चाललाय की समुद्र बांधायला?"

मी म्हटलं, तुझा दादा अशीच भाषा समजतो. ती म्हणाली, दादाला लहानपणी आंघोळीला पाठवायलासुद्धा आई घड्याळाचा गजर लावायची, तेव्हा तुझं बरोबर असेल. आणि मग तिला कुणीतरी हाक मारली.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते. तक्त्यात प्रत्येक कामापुढे ते कोण करणार ते लिहावं लागतं, आणि त्या माणसाकडे रोज किती तास मोकळे आहेत तेही. मी जवळजवळ सगळीकडे माझंच नाव घातलं होतं. मोकळा वेळ विचारला तिथे प्रामाणिकपणे 'रोज एक तास' असं भरलं. घरातली रोजची कामंही टाकली होती, स्वयंपाक, आंघोळ, भरवणं, झोपवणं, कारण ती टाकली नाहीत तर माणूस कागदावर रिकामा दिसतो. आणि ऑफिसातली एक सवय अंगात मुरलेली. कुठलाही तक्ता बाहेर पाठवण्याआधी 'समतोल' नावाचं बटण दाबायचं. ते दाबलं की एकाच माणसावर एका दिवशी त्याच्या ताकदीबाहेर काम पडलंय का, ते यंत्र तपासतं आणि पडलं असेल तर काम पुढे सरकवतं. शंभर वेळा दाबलेलं बटण. मी ते दाबलं, तेवढ्यात आतून "आई" अशी हाक आली, मी तक्ता तसाच त्याला पाठवून दिला आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. एकच शब्द. 'मंजूर.'

पुढचे नऊ दिवस मी कुठल्या तंद्रीत होते ते आता आठवलं तरी कानकोंडं वाटतं. मी मुंगीला बादलीत मीठ कालवून समुद्र म्हणजे काय ते शिकवलं. जिन्यात भेटलेल्या काकूंना पाणी घालायचं सांगून टाकलं. फोनवर त्याने तारखेचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. मंजूर झालेल्या कागदावर पुन्हा चर्चा करायची नसते, हे आम्हा दोघांच्याही हाडात भिनलेलं. मला वाटलं, त्यालाही माझ्यासारखंच झालंय, बोललं तर दृष्ट लागेल असं.

दहाव्या दिवशी तिकिटं काढायला बसले. कितव्या तारखेची सकाळ ते पक्कं बघावं म्हणून तक्ता उघडला. प्रवासाच्या पट्टीवर पुढच्या वर्षातला नोव्हेंबर होता.

मला आधी वाटलं मीच चुकीचं वाचतेय. मग पट्ट्या मागे मागे सरकवत गेले आणि कळलं. यंत्राने माझं सगळं काम घेतलं, रोजचा एक तास घेतला आणि हिशेब केला, की या बाईला सुट्टीवर निघायला चौदा महिने लागतील. यंत्र खोटं बोललं नव्हतं. 'पहिल्यांदा पाय भिजवणे' चौदा महिने पलीकडे जाऊन बसलं होतं, आणि त्यापुढे तसंच लिहिलेलं होतं, अर्धा तास, तिघंही हजर.

माझी चूक मला समजली. पण त्या चुकीवर त्याने 'मंजूर' कसं लिहिलं, ते समजेना. म्हणजे त्याने उघडूनही पाहिलं नाही. आजपर्यंत एकाही कागदावर न वाचता सही न केलेल्या माणसाने, बायकोचा तेवढा न वाचता मंजूर केला. रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत मी त्याच्याशी नेहमीसारखं बोलले. तिने जेवण केलं. हो, शी झाली. नाही, ताप नाही. ठेवते.

रविवारी सकाळी तो साइटच्या पाण्याच्या टाकीवर चढून फोन करतो, तिथे आवाज नीट येतो. मी मुंगीला भाताची वाटी दिली आणि खिडकीशी गेले.

"तिकिटं काढायला तक्ता उघडला होता," मी म्हणाले. "त्यात पुढच्या वर्षीची तारीख आहे."

"हो."

"हो म्हणजे? तू पाहिली होतीस?"

"दोनदा पाहिली."

"आणि मंजूर लिहिलंस."

"तू विचार करूनच टाकली असशील, असं वाटलं."

"चौदा महिन्यांनंतरची सुट्टी कोण विचार करून टाकतं रे?"

टाकीवरचा वारा मला ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "तुझा तक्ता होता. तुझ्या तक्त्यावर मी कधी शंका घेतली आहे का?"

नव्हती घेतली. तेच तर. मी त्याला बटणाचं सांगितलं. सांगताना मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आवाज वेगळाच निघाला. तो ऐकत राहिला, आणि मग त्याने त्याच्या बाजूचं सांगितलं, एखाद्या अपघाताचा अहवाल द्यावा तसं, क्रमाने. तक्ता यायच्या दोन दिवस आधीच त्याची रजा मंजूर झाली होती. पुढच्याच महिन्यातली, पूर्ण आठवडा. त्याने ती स्वतःहून मागितली होती, मला न सांगता, कारण मिळेपर्यंत सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मग माझा तक्ता आला. त्याच्या साइटवरच्या मोजणीवाल्याची बायको त्याच सुमाराला बाळंत होणार होती आणि त्याला रजा मिळत नव्हती. हा आपला आठवडा त्याला देऊन आला.

"परत मागता येणार नाही?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"त्याने गावी कळवलंय."

तो म्हणाला, "मला वाटलं तुलाच आता घाई नाहीये. मागे तू म्हणाली होतीस ना, मी आलो की तिची झोपेची घडी विस्कटते. मग पुन्हा बसायला आठवडा लागतो तुला."

हे मी म्हणाले होते. पाच महिन्यांपूर्वी, सिंकपाशी, तोंडात कपड्यांचे चिमटे धरून. तो ते वाक्य बारा तासांवर घेऊन गेला होता आणि पाच महिने तिथे ठेवून बसला होता, हे मला कुठे ठाऊक होतं.

मागे मुंगीने वाटी उपडी केली. मी म्हणाले, भात सांडलाय, ठेवते.

त्यानंतरचे काही दिवस लॅपटॉप मी पिठाच्या डब्यावर ठेवून दिला. मुंगी झोपली की मीही तिच्या शेजारी आडवी व्हायचे आणि छताकडे बघत राहायचे. माझा राग कुणावर होता ते मला सापडेना, आणि राग ठेवायला माणूस नसला की घर फार मोठं वाटतं. दोन खोल्यांचंच आहे खरं तर. एकटेपणाची मला सवय होती, पण तोवर तो नुसता एकटेपणा होता. आता त्यात हेही होतं, की तिकडे तोही तसाच पडलेला असणार, छताकडे बघत, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांना अडचण नको म्हणून बाजूला सरकून घेतलंय. फार समजूतदार माणसं आम्ही. इतकी, की एकमेकांच्या हाताला लागत नाही.

नणंदेचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती आधी एवढी हसली की तिला खोकला आला. तुम्हा दोघांना एकाच वॉर्डात ठेवलं पाहिजे, म्हणाली. मग मी रडतेय हे तिला कळलं.

"वहिनी, एक सांग. तुला समुद्रच हवा होता का?"

मी म्हटलं, म्हणजे काय, मुंगीला मासे... आणि तिथेच माझं बोलणं अडलं.

"नाही, मासे दाखवायचे तर आमच्या हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये पण आहेत," ती म्हणाली. "सहा आहेत. एक कायम उलटा असतो."

त्या दुपारी मुंगी झोपल्यावर मी डब्यावरून लॅपटॉप काढला. एकसष्ट ओळी पुसायला दोन मिनिटं लागली नाहीत. फक्त शीर्षकाची ओळ ठेवली आणि तिच्यातला 'प्रकल्प : समुद्र' खोडला. राहिलं, 'कालावधी पाच दिवस. माणसं तीन.' खाली चार कामं लिहिली. बॅग भरणे. साइटपर्यंतचं बसचं तिकीट. रोपाचं काकूंना सांगणे. बसमध्ये बसणे. बाण एकही त्याच्याकडे गेला नाही. ते त्याला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'मंजुरीसाठी नाही. माहितीसाठी.'

पाच मिनिटांत त्याचा फोन. कामाच्या वेळी तो कधीच फोन करत नाही.

तो म्हणाला, इथे काही नाहीये. नदी आहे, पण तिच्यात आम्ही खांब उभे करतोय, जवळ जाता येत नाही. राहायला पत्र्याची खोली, एक खाट. मी सकाळी सहाला निघतो, संध्याकाळी सातला येतो, कधी त्याहून उशिरा. दिवसभर करशील काय? आणि धूळ तर इतकी आहे की विचारू नकोस.

"धूळ इथेही आहे," मी म्हणाले. "मी ती रोज पुसते."

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, खाट अरुंद आहे गं.

बारा तासांच्या प्रवासाचं काय सांगू? मुंगी दोनदा ओकली आणि उरलेला वेळ पुढच्या सीटवरच्या माणसाचे केस मोजत राहिली. उतरलो तेव्हा तो फाटकाशी उभा होता, डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगावर केशरी जॅकेट. हे असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याने हात पुढे केले आणि तिने माझ्या मानेत तोंड खुपसून जो सूर लावला, तो खोलीत जाईपर्यंत थांबला नाही. तो बॅग घेऊन चार पावलं पुढे चालत राहिला. मागून त्याची मान दिसत होती, उन्हाने करपलेली. कधी करपली ती, मी पाहिलंच नव्हतं.

खोली त्याने आवरली होती. एवढी, की राहणाऱ्या माणसाची काही खूणच उरली नव्हती. खाटेच्या उशाशी मुंगीचा फोटो होता, सहा महिन्यांची असतानाचा. मुंगीने बोट दाखवून विचारलं, हे कोण? मी म्हटलं, बाळ. तिला ते पटलं.

दिवसभर आम्ही दोघी खिडकीशी असायचो. खिडकीतून पूल दिसायचा, म्हणजे पुलाचे खांब, आणि त्यांच्यावर मुंग्यांएवढी माणसं. पांढरं हेल्मेट म्हणजे साहेब लोक, पिवळं म्हणजे कामगार, एवढं मला माहीत होतं. पहिल्या सकाळी मी तिला पांढरं हेल्मेट दाखवून म्हटलं, तो बघ, बाबा. तिने हात हलवला. पांढऱ्या हेल्मेटनेही हलवला. आम्ही दोघी दोन तास अधूनमधून हात हलवत होतो आणि तोही बिचारा हलवत होता. दुपारी तो माणूस जवळून गेला तेव्हा कळलं, की तो सुरक्षा अधिकारी होता, चांगला पन्नाशीचा. मला म्हणाला, मुलगी गोड आहे हो तुमची. अशी तीन पांढरी हेल्मेटं होती त्या खांबांवर. माझं कुठलं, ते मला पाचही दिवस लांबून ओळखता आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी तो जेवताना बसल्या बसल्या झोपला, हातात चमचा तसाच. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं, ते एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, तो आला तेव्हा मुंगी झोपून गेली होती. तिच्याजवळ बसून तिच्या पायाची बोटं त्याने एकेक करून पाहिली. म्हणाला, मोठी झालीत. तिसऱ्या दिवशी दुपारी चाळीस मिनिटं मिळाली. त्याने तिच्यासाठी लाकडाच्या तुकड्यांना पॉलिशपेपर मारून आठ ठोकळे करून आणले होते. तिने ते घेतले, माझ्या मागे जाऊन बसली आणि तिथे मांडून खेळली. तो खाटेच्या कडेवर बसून माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता. मी मधून उठले तर ती रडेल, नाही उठले तर तो तसाच बघत राहील. मी बसून राहिले. माणसं तीन, खोली एक, आणि तरी आम्ही आपापल्या जागी होतो. बारा तासांचं अंतर त्या खाटेवरही मावलं होतं. मला वाटलं, मी केलं ते सगळं फुकट गेलं. तक्त्यात आणखी एक चूक, आणि या वेळी दोष द्यायला बटणही नाही.

चौथ्या दिवशी जेवण घेऊन येणारा आचारी मुंगीशी गप्पा मारत उंबऱ्यात बसला. तो दर वाक्यात साहेब आणायचा. साहेबांना तिखट चालत नाही. साहेब कालपण न जेवता गेले. साहेब रागावत नाहीत, पण गप्प झाले की आम्हाला भीती वाटते. नंतर पहारेकरी येऊन विचारून गेला, साहेब आले होते का? मोजणीवाल्याच्या जागी आलेला पोरगेला इंजिनियर नकाशा ठेवून गेला, साहेबांना द्या. मुंगी ठोकळे रचत ऐकत होती. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

सातच्या सुमाराला दारात पावलं वाजली. तो आत आला, हेल्मेट काढलं, आणि रोजच्यासारखा खाटेच्या कडेवर बसायला निघाला, तिच्यापासून लांब, ती घाबरू नये म्हणून. मुंगीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज, आचाऱ्याच्या हेलात म्हणाली,

"साहेब आले."

तो जागच्या जागी थांबला. मीही.

"साहेब, बूट काढ," ती म्हणाली. "चिखल."

त्याने खाली बसून बूट काढले. नाड्या सोडायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. काढलेले बूट त्याने दाराबाहेर नीट जोडीने ठेवले आणि तिला विचारलं, "आता ठीक आहे का बाईसाहेब?" ती हसली. दोन वर्षं दोन महिन्यांत त्याच्या बोलण्याला ती पहिल्यांदा हसली. मलाही हसू फुटलं, आणि तोही हसला, तिघंही हसलो. मग तो म्हणाला, तोंड धुऊन येतो, आणि अनवाणीच बाहेर गेला.

बाहेरच्या नळाचा आवाज सुरू झाला. बराच वेळ तो थांबेना. मी टॉवेल घेऊन गेले. तो दोन्ही हात नळाखाली धरून उभा होता, पाणी कोपरांवरून खाली गळत होतं, तोंड धुऊन कधीच झालं होतं.

"सगळे साहेबच म्हणतात मला," तो म्हणाला. "ती काय म्हणणार दुसरं?"

मी म्हटलं, मी शिकवेन तिला. त्याने मान हलवली. नको म्हणाला. टॉवेल घेतला, तोंडावर दाबून धरला, आणि त्यातूनच म्हणाला, "मला पाठवलास तो तक्ता. चौदा महिन्यांचा. तो बघितला तेव्हा मी आधी खूप वेळ बसून होतो. तुला सांगितलं नाही. मंजूर लिहिणं सोपं होतं."

मला त्याला सांगायचं होतं, की तू नसताना मी तुझ्याशी दिवसभर बोलते, आणि फोन आला की शी झाली एवढंच सांगते. मी सांगितलं. तेवढंच, त्याच शब्दांत. तो टॉवेलमधून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला, डोळे लाल, कानांच्या पाळ्यांना सिमेंटची पांढरी धूळ तशीच.

आतून आवाज आला, "साहेब, ये."

एकदा आला. पुन्हा आला, जरा दमदाटीने. त्याने टॉवेल माझ्या हातात दिला आणि आत गेला. मी ऐकत होते. ठोकळा पडल्याचा आवाज, मग तिचं "असं नाही", मग त्याचं "मग कसं?", मग दोघांचंही काही नाही, नुसते लाकडावर लाकूड ठेवल्याचे हलके आवाज. मध्येच एकदा तिला माझी आठवण होईल, ती "आई" म्हणेल, म्हणून मी दाराजवळ उभी राहिले. तिने हाक मारली नाही.

नदीवरचे दिवे लागले होते. उद्या पाचवा दिवस, दुपारची बस. मी तिथेच थांबले, ओला टॉवेल खांद्यावर टाकून, आणि त्यांना आत आणखी थोडा वेळ मिळू दिला.